ओल्या चुन्यातले डोळे

तीन वाजायला थोडंच कमी असताना चंद्रमौळीमामांनी कुंचला पाण्याच्या डब्यात सोडला आणि फळीवरून खाली उतरले.

हरिणीला वाटलं, घाम पुसायला उतरले असतील. मे महिन्यातली दुपार, भट्टीचं तोंड उघडं टाकल्यासारखी. पण मामांनी घाम पुसला, ताकाची बाटली काढली, भिंतीकडे पाठ केली आणि मांडी घालून असे बसले, जणू पंगतीत वाढायची वाट बघतायत. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आज मंगळवार. तीनला राहुकाळ लागतो, साडेचारला सुटतो. चेन्नईत राहुकाळात माणूस नवा झाडूसुद्धा घरात आणत नाही. मामांना तर डोळे उघडायचे होते.

भिंतीवर बाई होती. शिंपल्याच्या रथात उभी, पुढं दोन डॉल्फिन जुंपलेले, अंगावरचं लाल वस्त्र वाऱ्यानं मागं फुगलेलं. गाल झाले होते, ओठ झाले होते, केस तर असे उडत होते की बघणाऱ्यानं आपलेच सावरावेत. आणि डोळ्यांच्या जागी नुसते दोन पांढरे खळगे.

मामांचं घराणं तंजावरच्या जुन्या मराठी लोकांतलं, घरात अजून तिकडची मराठी बोलणारं, पिढीजात देव काढणारं. फळीवर कापड, कापडावर खडूचा लेप, त्यावर सोन्याचा पत्रा, आणि मधे लोण्याचा गोळा घेऊन बसलेला गुटगुटीत कृष्ण. पण देव स्टिकरवर मिळायला लागले तसे मामांनी मांबलमच्या आपल्या खोलीत दुसरेच देव काढायला घेतले. इटलीतले. पेरुंगुडीकडच्या फ्लॅटवाल्यांना तिकडच्या जुन्या महालांच्या भिंतींवरची, छतांवरची चित्रं हॉलमध्ये हवी असायची: ढगात लोळणारे दाढीवाले, हंसाशी लगट करणाऱ्या बाया, ढुंगणं उघडी टाकून उडणारी पंखवाली पोरं. मामा ती कॅनव्हासवर हुबेहूब उतरवून द्यायचे. देव बदलले, रीत बदलली नाही. डोळे सगळ्यात शेवटी, चांगली वेळ बघून, आणि घरातल्या थोरल्याच्या हातानं. जो डोळे उघडतो तो चित्रकार. बाकीचे रंग भरणारे.

हरिणी, म्हणजे मामांच्या बहिणीची पोर, शाळा सोडल्यापासून रंग भरत होती. शाळा तिनं सोडली म्हणजे काय, तर अकरावीत केमिस्ट्रीच्या सरांनी तिनं वहीत काढलेलं त्यांचंच चित्र फाडलं, म्हणून तिनं त्यांचं हजेरीपुस्तक तिसऱ्या मजल्यावरून खाली भिरकावलं. राग तिच्या नाकावर नाही, बोटांच्या टोकांवर बसायचा. आई, अलमेलू, हरली होती. श्रीपेरुंबुदूरच्या एका मोबाईल कारखान्यात तिनं शब्द टाकून ठेवला होता. कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशीच थांबते, मुलींना हॉस्टेल आहे, दोन वेळचं जेवण आहे. ही भिंत होईपर्यंत थांबते, असं आईनं भावाला बजावलं होतं. भिंत झाली आणि मामा म्हणाले की पोरगी चित्रकार आहे, तर ठीक. नाहीतर बस.

आता ह्या भिंतीचं लफडं असं होतं की ती कॅनव्हासची नव्हती.

फ्लॅट शैलाताईंचा. त्या मूळच्या सांगलीच्या, बँकेच्या बदलीनं इथं आलेल्या. नवरा जहाजावर, मुलगा दर्शन पहिलीत. इटलीला फिरायला गेल्या होत्या तिथं त्यांनी ही शिंपल्यातली बाई खऱ्या भिंतीवर बघितली आणि हट्टच धरला, की हवी तर तशीच, ओल्या गिलाव्यातली. मामांनी हो म्हटलं ते सुंदरच्या जिवावर. सुंदर कारैक्कुडीकडचा गवंडी, आरशासारखा चुना थापणारा. चुना ओला असताना नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. वाळता वाळता चुना तो रंग पिऊन टाकतो. मग रंग भिंतीवर नसतो, भिंतीत असतो. एकदा चुना बंद झाला की दार लागलं. वर काय फासाल ते नुसतं चिकटतं आणि पुढंमागं गळून पडतं. म्हणून सुंदर रोज एका दिवसात रंगवून होईल एवढाच तुकडा थापायचा.

आणि ह्या लोकांनी सुरुवातीलाच काय केलं, तर वरच्या कोपऱ्यातली धनुष्यबाणवाली तीन पोरं झकास काढली आणि डोळे ठेवले शेवटासाठी. मामांच्या मनात दुसरं काही आलंच नाही, हरिणीच्याही नाही. सुंदरला वाटलं, ह्यांचं ह्यांना माहीत असणार. मग मामांनी शुक्रवार बघून डिंकात रंग कालवून वाळक्या चुन्यावर डोळे उघडले. दोन दिवस पोरं छान बघत होती. सोमवारी स्वयंपाकाच्या हेमावतीबाईंनी ओल्या फडक्यानं भिंत पुसली आणि सहाच्या सहा बुबुळं फडक्यावर आली. शैलाताई बँकेतून आल्या तर डोक्यावर तीन आंधळी पोरं नेम धरून उभी.

त्या चिडल्या नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी बाईचा चेहरा मला डोळ्यांसकट पूर्ण दिसला पाहिजे. नसेल तर बुधवारी सकाळी लाकडी पॅनेलवाले येतील आणि भिंत झाकून टाकतील.

म्हणून मामांनी मन मारून तोडगा काढला होता. चेहरा ज्या दिवशी थापला त्याच दिवशी डोळे, पण दिवसाच्या शेवटी, राहुकाळ सुटल्यावर. सुंदरनं अंदाज दिला होता, चुना सहापर्यंत ओला राहील. सगळं जमत होतं. सोसायटीत कामगारांना लिफ्ट दहानंतर मिळते, त्यामुळे थापायला उशीर झाला, तरी जमत होतं.

जमलं नाही ते वाऱ्यामुळं. मे महिन्यात दुपारी समुद्राकडून वारा आत येतो म्हणून हे शहर जगतं. तो दमट असतो, त्यात चुना निवांत राहतो. आज तो आलाच नाही. उलट पश्चिमेच्या आवडी गावाकडून, जमिनीवरून, कोरडा फुफाटा येत होता, आणि बाल्कनीचं सरकतं दार लावता येत नव्हतं, कारण फळीच्या घोडीचा एक पाय त्याच्याच खोबणीत रोवलेला.

हरिणी खाली बसून आजच्याच तुकड्यातलं डॉल्फिनचं शेपूट भरत होती. तिच्या हाताला पहिलं कळलं. ब्रश सरकायचा थांबला आणि ओढायला लागला, चिंच खाल्ल्यावर जीभ टाळूला ओढते तसा. तिनं मान वर केली. सकाळपासून सगळ्या तुकड्यावर एक ओली चमक होती. बाल्कनीच्या बाजूनं ती चमक मरत चालली होती, बाईचा खांदा मेला होता, कान मेला होता, आणि कड गालावर चढत होती.

तिनं सुंदरला हाक मारली. सुंदरनं बोटाची मागची बाजू बाईच्या कानाजवळ टेकवली, जशी तापलेल्या पोराला टेकवतात. अर्धा तास, म्हणाला तमिळमध्ये. मग मामांकडे बघून हळूच म्हणाला, अर्धासुद्धा नाही.

"मामा," हरिणी म्हणाली, "चुना बंद होतोय."

"साडेचारला."

"साडेचारला दगड असेल तो."

मामांनी ताकाचा घोट घेतला. "मग खरडूं. उद्या परत थापूं."

"उद्या पॅनेलवाले येतायत."

"येऊ देत की."

हरिणीच्या बोटांना मुंग्या आल्या. हजेरीपुस्तकाच्या वेळी आल्या होत्या तशाच. तिनं हात ओढणीत गुंडाळून धरले. तिनं समजावून पाहिलं, म्हणजे तिच्या परीनं. ही काही देवी नाही, हिची कुणी पूजा करणार नाही, हिच्यापुढं सोफा आणि टीव्ही असणार आहे. तिकडं इटलीत ज्यानं काढली त्यानं कुठला राहुकाळ पाहिला होता? आणि शैलाताईंना तरी ठाऊक आहे का राहुकाळ म्हणजे काय?

"त्यांस ठाऊक नाही म्हणून तर," मामा म्हणाले. "ठाऊक असतं तर त्यांचं त्यांनी बघितलं असतं. मी पैसे घेऊन जाणार गे, आणि ती डोळे उघडे टाकून ह्यांच्या घरांत ऱ्हाणार. रात्रंदिवस. भलत्या वेळीं उघडलेली नजर लोकांच्या घरांत ठेवून जायची का? लेंकरू आहे इथं."

ते लेकरू सोफ्यावर होतं. सुट्टी होती, हेमावतीबाई आत निजल्या होत्या, आणि दर्शन प्लॅस्टिक घातलेल्या सोफ्यावर पाय हलवत मोबाईल बघत बसला होता. आपल्यावर बोलणं आलं म्हणून त्यानं वर पाहिलं.

"तिला डोळे कधी येणार?" त्यानं विचारलं.



हरिणीला मामांचा राग आला, आणि त्याहून जास्त राग ह्याचा आला, की मामा खोटं बोलत नव्हते. भित्रा माणूस असता तर तिनं त्याला दोन शब्दांत उडवला असता. हा माणूस भीत नव्हता. दुसऱ्याच्या पोरासाठी स्वतःची भिंत, स्वतःचं नाव, भाचीची बस, सगळं पाण्यात सोडून ताक पीत बसला होता. असल्या माणसाशी भांडायचं कसं?

तिनं चमकेची कड पाहिली. गालाच्या मधोमध आली होती.

मग तिनं चपला काढल्या आणि फळीवर चढली.

"हरिणी," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही. "उतर."

ती उतरली नाही. मामांचा डोळ्यांचा कुंचला फडक्यात गुंडाळलेला, फळीच्या टोकाला ठेवलेला होता, खारीच्या केसांचा, त्यांच्या वडलांपासूनचा. त्याला हात लावायची तिची छाती झाली नाही. तिनं आपलाच बारका ब्रश घेतला, दोन चुकार केस दातांनी तोडले, आणि काळ्या रंगात थोडी गेरू कालवली.

आता खरी पंचाईत पुढं होती. बाकी सगळ्या चित्राला खाका होता. कागदावर रेघ काढायची, रेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून कोळशाच्या पुरचुंडीनं थोपटायचं, की ठिपक्याठिपक्यांची रेघ चुन्यावर उतरते. मामांच्या खाक्याला डोळ्यांच्या जागी भोकंच नसायची. डोळे सुईनं टोचायचे नसतात. ते हातातून यायचे असतात. म्हणजे तिच्यापुढं ओला, कोरा, मरत चाललेला चुना होता, आणि ठिपका एकही नव्हता.

आणि दुसरी गोष्ट, जी तिला कित्येक महिन्यांपासून दिसत होती आणि जी बोलायची सोय नव्हती. मामांनी उघडलेली प्रत्येक बाई समोर बघायची. मूळ चित्रात ती नदीकडे बघत असो, हंसाकडे असो, मामांच्या हाताखाली आली की सरळ तुमच्याकडे. पिढ्यान्‌पिढ्या देव काढलेला हात तो. देवानं भक्ताकडे नाही बघायचं तर कुणाकडे? गिऱ्हाइकांना ते आवडायचंसुद्धा. पण शिंपल्यातली ही बाई कुणाकडेच बघत नव्हती. फळीला चिमटा लावून टांगलेल्या छापील चित्रात तिची मान एकीकडे वळलेली, आणि डोळे त्याच्याही पलीकडे, वर. बुबुळ वरच्या पापणीत अर्धं शिरलेलं, खाली पांढऱ्याची एक चंद्रकोर. खाली तिच्याभोवती सगळी झोंबाझोंबी चाललेली, वर पोरं बाण रोखून, आणि ही आपली तिसरीकडेच.

तिनं श्वास धरला आणि आतल्या बाजूचा डोळा आधी घेतला. वरच्या पापणीची रेघ. चुन्यानं रंग घेतला, गोड घेतला, तहानलेल्या माणसानं पाणी घ्यावं तसा. मग बुबुळ, पापणीला लावून. मग खालची कड, नुसती सावली. एकदा मागं वळून बघायचा मोह झाला. वळली नाही.  मागं दर्शनच्या मोबाईलचा आवाज बंद झाला होता.

एक डोळा उघडला. बाई एका डोळ्यानं वर बघत होती, आणि ते इतकं भयंकर दिसत होतं की हरिणीच्या मानेवर काटा आला.

बाल्कनीकडचा डोळा घेतला आणि ब्रश अडला. रेघ अर्ध्यात तुटली. पाणी टेकताक्षणी नाहीसं होत होतं, पापणीच्या जागी नुसता खरखरीत ओरखडा. ह्या बाजूनं फुफाटा थेट आत येत होता, तिच्या कानाला लागत होता, म्हणजे बाईच्या गालालाही लागत होता.

तिनं सुंदरकडे चुन्याचं पाणी मागितलं. सुंदर जागचा हलला नाही. त्यानं मामांकडे पाहिलं. गवंडी तो, त्याचा मेस्त्री कोण ते त्याला पक्कं माहीत होतं. तिनं परत मागितलं, ह्या वेळी तमिळमध्ये आणि शिवी घालून. सुंदरनं मान खाली घातली, पण उठला नाही.

"वारा तरी अडवा कुणीतरी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

बादलीत काहीतरी बुडाल्याचा आवाज आला. तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मामा उठले होते. खांद्यावरचं अंगवस्त्र त्यांनी बादलीत बुचकळलं, पिळलं नाही, तसंच निथळतं उचललं आणि बाल्कनीच्या दारात जाऊन दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलं. भिंतीकडे पाठ करून. पाण्याच्या धारा त्यांच्या कोपरांवरून बनियनमध्ये उतरत होत्या. फुफाटा त्या कापडावर आदळायचा आणि आत येताना ओला होऊन यायचा.

 वळून त्यांनी पाहिलं नाही. फक्त थोड्या वेळानं सुंदरला म्हणाले, "कुडु," दे. सुंदरनं धावत जाऊन चुन्याच्या पाण्याची पिचकारी वर दिली.

हरिणीनं लांबून एकच फवारा मारला आणि थांबली. थांबणं सगळ्यात अवघड. बोटं म्हणत होती आता, आता. चुना म्हणत होता थांब. ओरखड्यावर हळूहळू एक मंद चमक परत आली, मेलेल्या माशाच्या अंगावर असते तेवढीच. तिनं तुटल्या जागेपासून रेघ पकडली आणि ओढली. पापणी झाली. बुबुळ झालं. शेवटची चंद्रकोर करताना ब्रश परत अडायला लागला होता, पण तोवर पुरलं. दुसरा डोळा पहिल्याच्या बरोबर त्याच ठिकाणी गेला, वर, पोरांच्याही पलीकडे.

ती खाली उतरली आणि ब्रश पाण्याच्या डब्यात सोडला.

"झालं," ती म्हणाली.

मामांनी हात खाली घेतले. अंगवस्त्र पिळलं, झटकलं, खांद्यावर टाकलं. मग साडेचार वाजेपर्यंत बाल्कनीतच उभे राहिले, रस्त्यावरची रहदारी बघत. साडेचार झाल्यावर आत आले, आणि तेव्हा कुठं भिंतीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग कुंचले धुवायला घेतले.

शैलाताई आल्या त्या पर्स खांद्यालाच ठेवून भिंतीसमोर उभ्या राहिल्या. हरिणीनं ओढणीत परत हात गुंडाळले.

"ही माझ्याकडे बघत नाहीये," शैलाताई म्हणाल्या.

 सुंदर थापी पुसायचा थांबला.

"तिथंही नव्हती बघत," शैलाताई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मी ह्या बाजूला जाऊन पाहिलं, त्या बाजूला जाऊन पाहिलं. म्हटलं, बाई, तुझं लक्ष तरी कुठंय. अगदी अशीच." त्यांनी नखानं बाईच्या नाकाजवळ हलकेच घासून पाहिलं आणि नख न्याहाळलं. नखाला काही आलं नाही. पर्समधून मोबाईल काढून त्यांनी पॅनेलवाल्यांना नको म्हणून तिथल्या तिथं कळवलं. मग मामांकडे वळल्या. "हे डोळे कुणी काढले हो? पोरांचे असे नव्हते."

"मी उघडले," मामा म्हणाले.

आणि बादल्या उचलायला सुंदरला खूण केली.

हरिणीच्या कानशिलात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. ती तिथं बोलली नाही हे नवल. चपला घातल्या, ब्रश गोळा केले, शैलाताईंनी दिलेलं पाणी प्यायली नाही. सामानाच्या लिफ्टचं दार बंद झालं आणि मग मात्र ती फुटली.

"चोरलंत तुम्ही," ती म्हणाली. "माझे डोळे चोरलेत. अम्माला काय सांगू मी? शेपूट भरलं म्हणून?"

सुंदर लिफ्टच्या छताकडे बघायला लागला. मामा बादलीची कडी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. हात अजून भरलेले होते, कापड धरून धरून.

"भलत्या वेळीं उघडलेली नजर पहिली उघडणाऱ्याला धरते," ते म्हणाले. "ताईंनीं विचारलं कोण, तर कुणीतरी मी म्हणायला हवं. मी म्हटलं. मज धरली तर धरली. अत्तां किती दिवस राहिलेत माझे? तू काल आलीस गे."

लिफ्ट सातवर होती, मग सहावर. हरिणीला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे, ह्या माणसानं तिचे डोळे चोरले नव्हते, तिच्या पुढ्यात आडवा पडला होता. दुसरी म्हणजे, ते तिला चालणार नव्हतं. शाबासकी दुसऱ्याची चालत नाही, तसा शापही दुसऱ्याच्या माथी चालत नाही. दोन्ही एकाच बादलीत येतात.

तिनं चारचं बटण दाबलं. दार उघडताच बाहेर पडली आणि जिना चढायला लागली. मामांनी मागून हाक मारली नाही.

दारावर पोचली तेव्हा धाप लागली होती. शैलाताईंनी दार उघडलं, हातात चहाचा कप.

"काय राहिलं?"

"ताई, ते डोळे मी काढलेत. मामांनी नाही. आणि राहुकाळात काढलेत. आमच्यात तेव्हा उघडत नाहीत. मामा नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. जे काय आहे ते माझं आहे."

शैलाताई हसल्या. "अगं, एवढंच ना? आम्ही नाही हं मानत तसलं काही. उलट बरंच की, एवढीशी आहेस आणि काय हात आहे तुझा." त्यांनी आत ये म्हटलं, चहा घे म्हटलं.

हे ऐकायला तर ती पाच मजले चढून आली होती. हात आहे तुझा. आता छाती फुगायला हवी होती. पण शैलाताईंच्या खांद्यावरून तिला हॉल दिसत होता. दर्शन सोफ्यावर उभा राहिला होता, बाईच्या अगदी खाली, आणि तिच्या डोळ्यांना डोळे लावायला बघत होता. इकडून उडी मारायचा, तिकडून उडी मारायचा. ती काही त्याच्याकडे बघत नव्हती. तो सोफ्याच्या पाठीवर चढला.

"त्याला खाली घ्या," हरिणी म्हणाली, जरा जास्तच जोरात. मग सावरून म्हणाली, "चुना ओला आहे अजून. हात लागेल."

चहा तिनं घेतला नाही.

खाली गेटबाहेर सुंदर शेअर ऑटो अडवून उभा होता. मामा आत बसले होते, मांडीवर बादली. ती जवळ आली तशी त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

मामांनी मान हलवली आणि आत सरकून जागा केली. सुंदर पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. ऑटो रहदारीत घुसला, आणि सिग्नलला थांबला, आणि परत निघाला. हरिणीनं बोटांवरचा काळा रंग नखानं खरवडायला घेतला. तो निघत नव्हता.

"मामा," ती म्हणाली, "उद्या लिफ्ट सुरू व्हायच्या आधीच जाऊ या. जिन्यानं."

"कां?"

"असंच." आणि मग, रस्त्याकडे तोंड करून, "पोरगा कसा आहे ते बघायचं."

तिला वाटलं, हे हसतील. किंवा म्हणतील, मी सांगत होतों ना. मामा बादलीतल्या ओल्या कुंचल्यांकडे बघत होते.

"मी दर वेळीं जाऊन येतों," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशीं. कुंचला राहिला, फडकं राहिलं, असं काहीतरी सांगून. आंत डोकावतों, अस्कं घर, सगळीं माणसं, धड आहेत ना बघतों, आणि मग घरीं येऊन जेवतों."